'माहीत नाही' हे मराठीत कसे सांगावे?
औषधांच्या चाचण्या आणि संमतिपत्राची भाषा

'चाचणी' म्हटले की शिक्षकाला घटक चाचणी आठवते आणि रुग्णाला रक्त काढायची सुई. दवाखान्यात 'तुमची एक चाचणी करायची आहे' असे सांगितले की ऐकणारा मुकाट्याने बाही वर सरकवतो. त्याच्या समजुतीप्रमाणे ही चाचणी त्याच्यासाठी असते : शरीरात काय बिघडले ते डॉक्टरांना त्यातून कळणार आणि मग औषध ठरणार. 'क्लिनिकल ट्रायल'चे मराठी आपण 'वैद्यकीय चाचणी' असे करतो तेव्हा मात्र बाण नेमका उलट्या दिशेला असतो. तेथे परीक्षा रुग्णाची नसते, औषधाची असते. ती रुग्णाच्या शरीरावर होते इतकेच. तिचा निकालही बहुधा पुढच्या रुग्णांच्या कामी येतो, ज्याने शरीर दिले त्याच्या नव्हे.

एका शब्दाचा हा घोटाळा शब्दकोशापुरता असता तर त्यावर वार्षिकाची पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. पण बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसे ज्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आली त्यांपैकी बहुतेकांचा या विषयाशी थेट संबंध आला आहे. वडोदऱ्याजवळच्या एका खेड्यात सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या लशीची तुलना झाली. इंदूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेने देशातील चाचण्यांची रीत बदलली. हैदराबाद तर आज लसी आणि औषधांचे मोठे केंद्रच आहे. २०२० साली कोव्हॅक्सिन या लशीच्या मानवी चाचण्यांसाठी निवडलेल्या पहिल्या बारा ठिकाणांत हैदराबाद, नागपूर, बेळगाव आणि गोव्यातील पेडणे तालुका ही नावे होती. म्हणजे संमतिपत्रावर सही करण्याचा प्रसंग आपल्या घरातल्या, शेजारच्या माणसावर येऊ शकतो, आणि त्या कागदाची भाषा कशी आहे हा प्रश्न भाषेच्या माणसांनी विचारायचा आहे.

आधी मूळ कल्पना पाहू. औषधाने सर्दी सात दिवसांत बरी होते आणि औषध न घेता आठवड्यात, असे आपण गमतीने म्हणतो. त्या गमतीत सगळा पेच आला. पुष्कळ दुखणी आपोआप उतरतात, काही चढउतार घेत राहतात, आणि काहींत नुसत्या धीरानेही बरे वाटते. मराठीत 'हातगुण' असा एक फार बोलका शब्द आहे. अमक्या डॉक्टरांचा हातगुण चांगला, असे म्हणताना औषधाचा वाटा किती आणि त्या माणसावरच्या विश्वासाचा किती, हे आपण वेगळे काढत नाही. काढण्याची गरजही नसते. चाचणीला तीच गरज असते. त्यासाठी एकच उपाय आहे : सारख्या अवस्थेतील माणसांचे दोन गट करायचे, एकाला नवे औषध द्यायचे, दुसऱ्याला जुने द्यायचे किंवा काहीच द्यायचे नाही, आणि दोघांचे काय होते ते पाहायचे. जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने १७४७ साली 'सॅलिसबरी' या ब्रिटिश जहाजावर स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. तरीही लिंबाचा रस आरमारात सरसकट सुरू व्हायला १७९५ साल उजाडले. पुरावा मिळाला म्हणजे पटतोच असे नाही, हा धडाही त्याच जहाजावरचा.

आपल्याकडची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे शास्त्रज्ञ तेव्हा हिंदुस्थानात पटकीच्या लशीचे काम करत होते; त्यांना मुंबईला बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील इच्छुक कैद्यांना लस टोचली गेली. लस घेतलेल्यांत रोग कमी दिसला. पण या तुलनेत दोन उणिवा होत्या. लशीसाठी पुढे येणारा माणूस आणि मागे राहणारा माणूस सारखे असतीलच असे नाही. पुढे येणारा कदाचित अधिक धडधाकट, अधिक सावध असेल. आणि दुसरी उणीव म्हणजे तुरुंगातल्या माणसाच्या 'इच्छुक' असण्याला किती अर्थ द्यायचा?

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी पहिली उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. हे गाव बडोदे शहराजवळचे, वस्ती हजाराच्या आसपास. प्लेगने गावात आधीच शिरकाव केला होता. हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी गाव घरागणिक वाटले : प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचायची, निम्म्यांना नाही. यातली युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. लस घेतलेला भाऊ आणि न घेतलेला भाऊ एकाच छपराखाली झोपत होते, एकाच विहिरीचे पाणी पीत होते, त्यांच्या घरातले उंदीरही तेच होते. म्हणजे पुढे जो फरक दिसेल तो घराचा, अन्नाचा किंवा जातीचा नसून लशीचाच असण्याची शक्यता फार मोठी.

नंतर अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग झाला. त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. शंभरात चार आणि शंभरात चाळीस, असा हा फरक.

हे आकडे लशीच्या बाजूने फार मोठी साक्ष देतात. पण २६ हा आकडा दुसऱ्या अंगानेही वाचावा लागतो. ती २६ माणसे तुलनेसाठी बाजूला ठेवलेल्या गटातली होती. हाफकिनना लस उपयोगी आहे याची खात्री असेल तर निम्म्या गावाला ती न देणे क्षम्य नाही. खात्री नसेल तर निम्म्या गावाला ती टोचणे हेही धाडसच. चाचणीला नैतिक आधार मिळतो तो या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, म्हणजे दोन उपायांपैकी अधिक चांगला कोणता हे जाणकारांनाही खरोखर माहीत नसते तेव्हा. हे 'माहीत नाही' म्हणजे डॉक्टरांचे अज्ञान किंवा निष्काळजीपणा नव्हे. चाचणी करण्याची परवानगी त्यातूनच मिळते, आणि ज्या दिवशी उत्तर स्पष्ट होते त्या दिवशी ती परवानगी संपते. म्हणून आजच्या मोठ्या चाचण्यांत आकड्यांवर अधूनमधून नजर टाकणारी स्वतंत्र मंडळी नेमलेली असतात. फरक उघड झाला, किंवा अपाय दिसू लागला, तर चाचणी मध्येच थांबवण्याची शिफारस ती करतात.

उंढेऱ्यात निम्मी माणसे निवडली ती माणसांनीच. निवडणाऱ्याच्या मनातला कल नकळत निवडीत उतरतो. अशक्त दिसणाऱ्याला लस द्यावी की देऊ नये, असा विचार हात थांबवतो. यावर पक्का उपाय म्हणून निवड माणसाच्या हातून काढून घ्यायची, हे विसाव्या शतकाने ठरवले. १९४८ साली प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटिश चाचणी यातली मैलाचा दगड समजतात. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने बंद लिफाफ्यांची पद्धत वापरली : रुग्ण दाखल करून घेण्याचा निर्णय झाला की मगच लिफाफा उघडायचा आणि त्याला कोणता उपचार मिळणार हे वाचायचे. क्षयाचे १०७ रुग्ण होते. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये औषध इतके थोडे होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते, त्यामुळे ते कुणाला नाकारल्याचा प्रश्न फारसा टोचला नाही. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४. येथेच थांबलो असतो तर जयजयकार झाला असता. पण रुग्णांचा माग पुढे पाच वर्षे ठेवला गेला, आणि तेव्हा पहिल्या गटातले ३२ व दुसऱ्यातले ३५ रुग्ण मृत्यू पावलेले आढळले. जंतू एकट्या औषधाला सरावले होते. क्षयावर दोन-तीन औषधे एकत्र देण्याची आजची रीत या निराशेतून आली.

हिलच्या लिफाफ्याला परिभाषेत 'यादृच्छिक निवड' म्हणतात. यदृच्छा म्हणजे आपोआप, अवचित घडणे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने शब्दात खोट नाही. मात्र तो पाठ्यपुस्तकाबाहेर कुणी उच्चारत नाही. आपल्याकडे या कृतीला सर्वांना कळणारा शब्द आहे : चिठ्ठ्या टाकणे. भिशीची चिठ्ठी निघते, शाळेतल्या प्रवेशाची सोडत निघते, सामन्यापूर्वी नाणेफेक होते. फक्त एका ठिकाणी जपावे लागेल. गोव्यात आणि कोकणात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे; मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली की डावी, यावरून माणसे घराचे, लग्नाचे, आजाराचे निर्णय घेतात. कौल हे उत्तर असते; त्यामागे कुणाची तरी इच्छा आहे असे मानलेले असते. चाचणीतली चिठ्ठी याच्या अगदी विरुद्ध : तिच्यामागे कुणाचीच इच्छा नसावी, डॉक्टरचीही नाही, म्हणून ती टाकायची. रुग्णाला हे सांगितले नाही तर 'मला नवे औषध निघाले, म्हणजे ते माझ्या नशिबात होते, ते मला मानवणार' असा अर्थ तो लावील आणि त्यात त्याची चूक नसेल.

असाच दुसरा शब्द 'दुहेरी अंध'. इंग्रजीतून शब्दशः उचललेला हा शब्द मोतीबिंदूच्या रुग्णाला वाचायला द्यावा आणि त्याचा चेहरा पाहावा. सांगायचे असते ते एवढेच की कोणत्या रुग्णाला खरे औषध मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नाही आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ती मूठ चाचणी संपेपर्यंत झाकलेली राहते. मूठ झाकायची ती हातगुण बाजूला काढण्यासाठी. 'प्लासिबो'चे मराठी 'छद्मौषध' असे करतात. त्यात छद्म म्हणजे कपट डोकावते. कपट तर येथे नाही, कारण अशी गोळी मिळू शकते हे आधीच सांगितलेले असते. 'औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी' हे लांबलचक वर्णन मला अधिक प्रामाणिक वाटते. साखरेची गोळी म्हणू नये. होमिओपॅथीच्या गोळ्या घेणाऱ्या घरात तिला औषधच समजतील.

चाचण्यांनी आपल्या लोकांना प्रत्यक्ष काय दिले याचे एक उदाहरण येथे सांगायलाच हवे, नाहीतर या लेखात संशयाचेच पारडे जड होईल. एके काळी क्षय झाला की सॅनेटोरियम हे ठरलेले होते. मिरज, पाचगणी या गावांची नावे कित्येक मराठी कुटुंबांत कुजबुजत घेतली जात. महिनोन्‌महिने घरापासून दूर, मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती; कमावता माणूस गेला तर घर बसायचे आणि सून गेली तर परत घरात घेतील की नाही याची शाश्वती नसायची. खाटा थोड्या आणि रुग्ण लाखांनी. १९५६ मध्ये मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश संशोधन परिषद यांनी मिळून एक चाचणी सुरू केली. शहराच्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे दोनशे रुग्णांची चिठ्ठीने विभागणी झाली : काही सॅनेटोरियममध्ये, काही स्वतःच्या घरी. गोळ्या दोघांनाही त्याच, वर्षभर. घरच्या रुग्णांना अन्न निकृष्ट होते, जागा अपुरी होती, विश्रांती कमी होती. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते, आणि घरी उपचार घेणाऱ्यांमुळे कुटुंबीयांना जास्त धोका झाला असेही दिसले नाही. जगभर सॅनेटोरियमे ओस पडू लागली ती यानंतर. क्षयाच्या रुग्णाला घर सोडावे लागत नाही ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट त्या दोनशे माणसांनी सिद्ध करून दिली आहे. जाणत्या डॉक्टरांचा अनुभव त्यांच्या विरुद्ध होता.

आता संमतीकडे वळू. हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात गाजला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी. तेव्हाही वाद हाच होता की जिला काही कळत नाही तिच्या होकाराला होकार म्हणावे काय. दुसऱ्या महायुद्धातील नाझी डॉक्टरांच्या प्रयोगांवर खटला चालला आणि १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे ठेवले. संहिता आली म्हणून जग सुधारले नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून उपदंश झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्यखात्याची पाहणी चालू होती. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही, आणि हे थेट १९७२ पर्यंत चालले. त्यांना उपदंश हा शब्द सांगितलेला नव्हता. 'तुमचे रक्त बिघडले आहे' असे सांगण्यात आले होते. अशक्तपणापासून थकव्यापर्यंत काहीही मावेल असा त्यांच्या बोलीतला हा शब्दप्रयोग होता. सोपा शब्द नेहमी प्रामाणिकच असतो, असे मानणाऱ्यांनी (माझ्यासारख्या सोप्या मराठीच्या पुरस्कर्त्यांनी तर खासच) हे उदाहरण जवळ ठेवावे.

आपल्याकडचे उदाहरण फार जुने नाही. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्यात आली. पाथ ही अमेरिकी संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारे यांचा हा उपक्रम होता. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत हे मृत्यू लशीमुळे झाल्याचे दिसले नाही, आणि ही लस आज जगभर वापरली जाते. तेव्हा दोष लशीचा नव्हता. दोष होता तो संमतीचा. खम्ममच्या तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकाची सही होती. आईवडील दूर रानात, मुलगी आश्रमशाळेत, आणि सही मास्तरांची. शिक्षक वाचकांनी क्षणभर स्वतःला त्या जागी कल्पून पाहावे. वरून आदेश आला आहे, सरकारी काम आहे, लस तर चांगलीच असते. किती जण थांबले असते? या सगळ्याला 'चाचणी' न म्हणता 'प्रात्यक्षिक प्रकल्प' म्हटले गेले होते. चाचणीला जे नियम लागतात ते प्रकल्पाला कसे लागणार? २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

त्याच सुमारास इंदूरचे प्रकरण गाजत होते. तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित चाचण्यांत रुग्णांना पुरेशी कल्पना दिली गेली नाही अशा तक्रारी झाल्या, आणि २०१२ मध्ये स्वास्थ्य अधिकार मंच या इंदूरच्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २०१३ हे वर्ष त्यामुळे नियमांचे वर्ष ठरले. चाचणीत इजा झाल्यास भरपाई, एथिक्स कमिट्यांची नोंदणी, आणि न्यायालयाच्या निर्देशानंतर संमतीच्या साऱ्या प्रक्रियेचे चित्रीकरण. ही चित्रीकरणाची सक्ती २०१५ मध्ये दुर्बल गटांतील सहभागी आणि नवे रासायनिक औषध यांच्यापुरती आखडली गेली. २०१९ च्या नव्या नियमांनी हे सारे एकत्र बांधले. त्यांनुसार संमतिपत्रात काही गोष्टी असल्याच पाहिजेत : हे संशोधन आहे, कोणत्या गटात पडण्याची शक्यता किती आहे, औषधाचा उपयोग न होण्याचीही शक्यता आहे, केव्हाही बाहेर पडता येते आणि बाहेर पडल्याने नेहमीच्या उपचारांत काही कमी होणार नाही. वाचता न येणाऱ्या माणसासाठी सगळा वेळ हजर असलेला तटस्थ साक्षीदार लागतो. म्हणजे 'आम्हाला माहीत नाही' हे रुग्णाला सांगणे आता कायद्यानेच बंधनकारक आहे.

कायद्याचे वाक्य मराठीत येताना मात्र असे काहीसे रूप घेते : 'सदर अभ्यासात सहभागी व्यक्तींचे यादृच्छिकीकरण करण्यात येऊन त्यांना अन्वेषणात्मक उत्पादन अथवा तुलनात्मक उपचार १:१ या गुणोत्तरात प्रदान करण्यात येईल.' हे मी नमुन्यादाखल रचले आहे, पण ज्यांनी अशी पत्रे वाचली आहेत त्यांना धाटणी ओळखू येईल. याच आशयाचे साधे मराठी असे होईल : 'दोन औषधांपैकी कोणते जास्त चांगले हे आम्हाला अजून माहीत नाही. तुम्हाला कोणते द्यायचे हे डॉक्टर ठरवणार नाहीत. चिठ्ठी टाकल्यासारखे संगणक ठरवील. नवे मिळण्याची शक्यता जितकी, तितकीच जुने मिळण्याची.' चार वाक्ये झाली, पण आजीला वाचून दाखवता येतात.

मग पहिले रूप टिकून का राहते? यामागे एक व्यवस्था आहे. संमतिपत्र मूळ इंग्रजीत तयार होते, मराठीत जाते, आणि बहुधा दुसऱ्या भाषांतरकाराकडून परत इंग्रजीत आणून मुळाशी ताडले जाते. हेतू चांगला. परिणाम विपरीत. 'यादृच्छिकीकरण' परत जाताना अचूक मूळ शब्दावर जाऊन बसते आणि उत्तीर्ण होते. 'चिठ्ठी टाकल्यासारखे' परत जाताना वेगळे दिसते आणि लाल शाईत अडकते. म्हणजे कुणालाच न कळणारा शब्द परीक्षेत पास आणि सर्वांना कळणारा नापास. या परीक्षेत रुग्णाला प्रश्नच विचारलेला नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी रुग्णाची अडचण आणखी वेगळी आहे. वडोदऱ्यात तो बाजारात गुजराती बोलतो, बेळगावात फलक कन्नड वाचतो, हैदराबादेत तेलुगू आणि दखनी दोन्ही कानांवर असतात, इंदुरात हिंदीत कामे उरकतो. त्याला कोणती भाषा येते, असे विचारले तर तो सवयीने तेथील भाषा सांगेल, कारण समोरच्याची सोय पाहण्याची त्याला पिढ्यांची सवय आहे. नियम 'समजणाऱ्या भाषेत' असे म्हणतात. पण व्यवहाराची भाषा आणि दुखण्याची भाषा एक नसते. दुखण्याचे शब्द घरातले असतात : कणकण, ठणका, कळ, सणक, मळमळ, घेरी, अंग मोडून येणे, कसनुसे होणे. चाचणीत या शब्दांना विशेष मोल आहे, कारण सहभागी माणूस जे सांगतो तेच नोंदले जाते आणि त्याचाच पुढे आकडा होतो. 'जीव घाबरा होतोय' असे एखादी बाई म्हणते तेव्हा तिला भीती वाटत नसते. छातीत धडधडत असते, श्वास अपुरा पडत असतो. ऐकणाऱ्याने 'घबराहट' असे ऐकून चिंतेच्या रकान्यात खूण केली तर हृदयाचा त्रास मनाचा होऊन बसतो. अशा पाच-दहा खुणा चुकल्या की औषधाच्या पाकिटातील दुष्परिणामांच्या यादीत एक ओळ कमी होते. ही चूक नंतर कोणत्याही संख्याशास्त्राला शोधून काढता येत नाही.

भाषेच्या माणसाला या व्यवस्थेत शिरायला एक दार आहे आणि ते उघडे आहे. कोणत्याही चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात सदस्य असतात. निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. त्यांत एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान अशा क्षेत्रातला, किमान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. हा सामान्य नागरिक म्हणून निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, लेखक यांना बोलावता येते. बैठकीत डॉक्टर मंडळी मात्रा आणि आकड्यांवर बोलत असताना हा सदस्य बहुधा संकोचाने गप्प बसतो. त्याने औषधशास्त्रावर बोलावे अशी अपेक्षाही नाही. प्रादेशिक भाषेतील संमतिपत्र मंजूर करणे हे समितीचेच काम आहे, आणि तेथे तो तज्ज्ञ आहे. ते पत्र मोठ्याने वाचून दाखवा, असे त्याने म्हणावे. वाचणाऱ्याची जीभ जेथे अडखळते तेथे पेन्सिलीने खूण करावी. मग रुग्णालयातल्याच एखाद्या मावशींना किंवा वॉर्डबॉयला ते वाचून दाखवून तीन गोष्टी विचाराव्यात : हे औषध चांगले आहे असे यात म्हटले आहे का? तुम्हाला कोणते औषध द्यायचे ते कोण ठरवणार? मध्येच नको वाटले तर काय कराल? पहिल्या प्रश्नाला 'हो, नवीन आहे म्हणजे चांगलेच असेल' असे उत्तर आले, तर पत्र परत पाठवावे.

देशात सुरू होणाऱ्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या सरकारी नोंदवहीत करणे २००९ पासून सक्तीचे आहे. कोणता रोग, कोणते औषध, कोणत्या गावातले कोणते रुग्णालय, किती माणसे, हे सारे तेथे कुणालाही फुकट पाहता येते. इंदूर, वडोदरा, बेळगाव यांपैकी आपल्या गावाचे नाव घालून शोधले की यादी समोर येते. ती इंग्रजीत आहे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला भाषांतराचा सराव म्हणून त्यातली एक नोंद द्यावी. अट एवढीच की भाषांतर तपासायला प्राध्यापकांकडे न जाता घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाकडे जायचे.